ठशांतला बल्लाळेश्वर

श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशीं, म्हणजे दिव्याच्या अवसेस, आपल्यापैकीं पुष्कळ घरांतून जिवतीचा कागद भिंतीवर लागतो. वर खांबांतून प्रकटलेला नृसिंह, त्याखालीं कालियामर्दन करणारा श्रीकृष्ण, मग मुलांनीं वेढलेल्या जरा आणि जिवंतिका, आणि अगदीं खालीं हत्तीवर बुध व वाघावर बृहस्पति. महिनाभर त्या कागदास आघाड्याची व दूर्वांची माळ चढते, शुक्रवारीं घरच्या मुलांचें औक्षण होतें, आणि श्रावण सरला कीं कागद उतरतो. पुढच्या वर्षीं बाजारांतून दुसरा येतो. हा कागद हजारोंनीं छापलेला असतो, शेजारच्या घरींही अगदीं तसाच असतो, हें सर्वांस ठाऊक असतें. असें असूनही आपल्या भिंतीवरची जिवती ही नक्कल आणि अस्सल जिवती दुसरीकडे कोठें तरी आहे, असा विचार कोणा सुवासिनीच्या मनांत आल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ह्या साध्या गोष्टीची आठवण आम्हांस पालीहून आलेल्या एका पत्रानें झाली, आणि ह्या महिन्याचें आमचें पान त्या पत्रासच द्यावयाचें आम्हीं ठरविलें.

पत्र लिहिणारे गृहस्थ ऐंशी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. बल्लाळेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचें वडिलोपार्जित घर आहे व त्यांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. नांव छापूं नये अशी त्यांची इच्छा आहे. त्यांची नात मुंबईस चित्रकलेचें शिक्षण पुरें करून, बरोबरच्या मुलींप्रमाणें जाहिरातीच्या कचेरींत नोकरी न धरतां, गेलीं दोन वर्षें पालीस राहून लांकडावर चित्रें कोरते व त्यांचे ठसे कागदावर काढते. "सुतारकाम म्हणावें तर खुर्ची होत नाहीं, चित्रकला म्हणावी तर कुंचला दिसत नाहीं," असें आजोबा लिहितात. पण त्यांची तक्रार ती नव्हे. माळ्यावर पडलेल्या शिवणीच्या एका जुन्या पाटावर नातीनें बल्लाळेश्वर कोरला, त्याचे तीस ठसे काढले, प्रत्येकाखालीं शिसपेन्सिलीनें आंकडा घालून सही केली. आणि आतां ती म्हणते कीं, एकतिसावा ठसा कधींच निघूं नये म्हणून त्या पाटावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चाकूची रेघ ओढावयाची. ठशांच्या बाजाराचा तसा दंडक आहे. आजोबा विचारतात, देवाच्या तोंडावर चाकू ओढावयाचा हा कोणत्या कलेचा दंडक? धाकट्या काकांचें म्हणणें निराळेंच. चित्र उत्तम उठलें आहे, देवळाच्या रस्त्यावर तसबिरींचीं दुकानें आहेत. तीसच कां, तीन हजार काढावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वीं घराचीं कौलें तरी परतून होतील. नात म्हणते, तीस जणांस मीं शब्द दिला आहे. पंधरा दिवस ह्या घरीं पानावर बसलें कीं दुसरा विषय निघत नाहीं, असें पत्राच्या शेवटीं आहे.

उत्तर घरबसल्या देतां आलें असतें. परंतु लांकडी ठसा ही फोटोंत पाहून समजणारी वस्तु नव्हे, म्हणून मार्गशीर्षांत आम्ही पालीस जाऊन आलों. ज्यांनीं अष्टविनायकांची यात्रा केली आहे त्यांस पालीचें वर्णन नको: डोक्यावर सरसगडाचा उभा कातळ, पायथ्याशीं गांव, देवळापाशीं दोन तळीं. हें देऊळ पूर्वीं लांकडी होतें. १७६० सालीं फडणिसांनीं तें दगडी केलें व बांधकामांत शिसें ओतविलें. सभामंडपाचे आठ खांब सुरूच्या झाडासारखे आहेत. देऊळ पूर्वाभिमुख असल्यामुळें दक्षिणायनांत सूर्योदयाचे किरण थेट मूर्तीवर पडतात. मात्र मोटारीनें नऊ-दहा वाजतां उतरणाऱ्या यात्रेकरूंस हें दर्शन घडत नाहीं. नातीनें नेमकी तीच वेळ घेतली आहे. कागदाचा बहुतेक भाग काळाभोर, त्यांत खांबांच्या बारीक कडा, आणि मध्यें पांढरा झोत. त्या झोतांत मूर्तीचें रुंद कपाळ आणि सोंड तेवढी उजळलेली. रंग एकच, काळा. पांढरें जें दिसतें तो नुसता कोरा कागद. आम्हांस हें चित्र मनापासून आवडलें, हें आधींच सांगून टाकतों, म्हणजे पुढील निवाड्यांत आमचा कल कोठें आहे याविषयीं वाचकांस संशय राहणार नाहीं.

तिचें काम मागच्या पडवींत चालतें. बल्लाळेश्वराचे ठसे पुरे झालेले असल्यामुळें तिनें आम्हांस सरसगडाच्या फळीवर कृति दाखविली. प्रथम चित्र कागदावर काढावयाचें, मग तें उलटें करून लांकडावर उतरवावयाचें. कारण लांकडावर जें उजवीकडे असतें तें कागदावर डावीकडे उमटतें. दुसऱ्या कोणत्याही चित्रांत ही केवळ कारागिरीची बाब झाली असती, येथें ती धर्माची झाली. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा सिद्धटेकचा एकटा. पालीचा डाव्या सोंडेचा. नातीनें पहिल्या खेपेस एका लहान फळीवर मूर्ति जशी दिसते तशी सुलटी कोरली आणि ठसा आजीपुढें धरला. आजीनें चष्मा पुसून पाहिलें व म्हणाली, "अगो, हा पालीचा नव्हे, सिद्धटेकचा. ह्याचें सोवळें तूं सांभाळणार आहेस काय?" तेव्हांपासून प्रत्येक चित्र प्रथम आरशांत पाहण्याची तिनें संवय लावून घेतली आहे.

चित्र फळीवर उतरलें कीं जेथें पांढरें हवें तेथलें लांकूड काढावयाचें आणि जेथें काळें हवें तेथलें राखावयाचें. सांगावयास एवढेंच. पण तैलरंगांत काम करणारा चित्रकार चुकला तर चुकीवर रंग चढवितो. येथें काढलेलें लांकूड परत बसत नाहीं. म्हणून कोरण्यापेक्षां थांबून पाहण्यांतच अधिक वेळ जातो. आम्ही सकाळचे दोन तास बसलों होतों, तेवढ्यांत तिनें कड्याच्या एका बाजूच्या सात-आठ रेघा काढल्या. हत्यारें थोडीं: सुताराची पटाशी, गोल तोंडाची पटाशी, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोंकाची एक कोरणी, आणि धार लावावयाचा दगड, ह्या दगडाचा उपयोग सर्वांत अधिक. कोरून झाल्यावर कांचेच्या तुकड्यावर छापखान्याची शाई पसरून तींत रबरी रूळ फिरवितात. शाईचा थर पुरेसा पातळ झाला कीं रुळाखालीं एक बारीक चरचर ऐकूं येते, तिजवरून वेळ ओळखावयाची. रूळ फळीवरून फिरविला कीं उंच राहिलेल्या भागास शाई लागते, खोल भाग कोरडा राहतो. वर कागद ठेवून पाठीमागून घासावयाचें. ह्यासाठीं दाबयंत्र लागतें असें नाहीं. ह्या घरीं आजीची एक पितळी वाटी त्या कामीं लागली आहे आणि स्वयंपाकघरानें तिचा हक्क कायमचा सोडला आहे.

ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें हीच विद्या निराळ्या रूपानें चालूं असते. भेंडी आडवी कापून, रंगांत बुडवून कागदावर दाबली कीं पांच पाकळ्यांचें फूल उमटतें. पेढ्यावरचा ठसा, रांगोळीचा छाप, रंगारी-भावसारांचे लुगड्यांवर उठवावयाचे लांकडी ठसे, कपाळीं-दंडीं उमटवावयाच्या गोपीचंदनाच्या मुद्रा, हीं सर्व त्याच कुळांतलीं.

लांकडाविषयीं मात्र थोडें खोलांत गेलें पाहिजे. झाड उभें चिरून काढलेल्या फळीवर रेषांच्या दिशेनें हत्यार सहज धांवतें, आडवें नेलें तर ढलपी उडते. सागवान कणखर खरें, पण बारीक कामांत कोरणाऱ्याची दमछाक करतें. शिवण हलकी, हत्याराला मऊ आणि सहसा न पिळवटणारी, म्हणून तर आपल्याकडे तिचे पाट होत. दुसरी तऱ्हा म्हणजे खोडाचा आडवा काप घ्यावयाचा. ह्यांत रेषांची दिशाच उरत नाहीं आणि हत्यार चोहोंकडे सारखें चालतें. न्यूकॅसलच्या थॉमस बिविकनें (१७५३–१८२८) बॉक्सवुड नांवाच्या अत्यंत घट्ट लांकडाच्या अशा कापांवर धातू कोरण्याच्या हत्यारानें चित्रें काढलीं; १७९७ पासून निघालेल्या त्याच्या इंग्लंडांतील पक्ष्यांवरील पुस्तकांत पिसांपिसांतला फरक दिसतो. बिविकची करामत अशी कीं तो पांढऱ्या रेघेनें विचार करी. काळ्या भूमीवर उजेड कोरावयाचा, ही त्याची रीत. आमच्या पालीच्या मुलीनें घेतली आहे ती हीच. शिवाय असा ठोकळा टाइपाच्या उंचीचा करून अक्षरांच्या जोडीस बसवितां येतो व मजकूर आणि चित्र एकाच दाबांत छापून निघतात. एकोणिसाव्या शतकांतील सचित्र पत्रें व पुस्तकें बहुतेक ह्याच सोयीवर चाललीं. आणि टिकाऊपणा केवढा! आपल्या एका ठोकळ्यानें नऊ लाखांवर ठसे दिल्याचें बिविकनें स्वतः नमूद केलें आहे. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. तीस कीं तीन हजार, ह्या वादांत लांकूड स्वतः कोणाचीच बाजू घेत नाहीं.

आतां पुष्कळ सुशिक्षित घरांतून विचारला जाणारा प्रश्न: एकाच चित्राचे तीस ठसे, तर ह्यांतलें मूळ चित्र कोणतें? लोक समजतात कीं मूळ चित्र कोठें तरी कपाटांत आहे आणि विकले जातात ते त्याचे उतारे. जपानांतली गोष्ट सांगितली म्हणजे हा गैरसमज जावा. होकुसाईची प्रचंड लाट, जी आज जगभर पिशव्यांवर आणि पेल्यांवर दिसते, ती १८३१ च्या सुमारची. तिकडील रीत अशी होती कीं चित्रकारानें पातळ कागदावर रेखाटन करावयाचें, कोरणाऱ्यानें तें चेरीच्या फळीवर पालथें चिकटवून कागदासकट कोरावयाचें, आणि छापणाऱ्यानें छापावयाचें. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणूं तें रेखाटन फळी तयार होतांना कापलें जाऊन नाहींसें होई. मागें उरे ती फळी, आणि फळी हें चित्र नव्हे. चित्र प्रथम जन्मास येतें तें कागदावर. तेव्हां नीट काढलेला प्रत्येक ठसा मूळच होय. पहिलाही मूळ आणि तिसावाही मूळ. उतारा होतो तो ह्या ठशाचा फोटो घेऊन ऑफसेटवर छापतात तेव्हां. हा भेद कळावयास जिवतीचा कागद भिंतीवर लावणाऱ्या बायकांस कोणत्याही कलाशाळेंत जाण्याची गरज नाहीं.

आपल्याकडचा इतिहास ह्या बाबतींत मोठा मौजेचा आहे. फडणिसांचें नांव वर आलेंच आहे. पुण्याच्या दरबारीं १७८६ पासून इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटच्या उत्तेजनानें तेथील एका तांबटानें तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरण्याची विद्या साध्य केली, आणि नाना फडणिसांनीं तिच्या साहाय्यानें भगवद्गीता छापवून घेण्याचें मनांत आणलें. १८०० सालीं नाना वारले व काम अर्ध्यावर राहिलें. पुढें मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांनीं त्या कारागिरास आश्रय दिला आणि १८०५ सालीं गीता छापून निघाली. देवाचें नांव धातूवर उलटें कोरावें लागतें, याबद्दल तेव्हां कोणी कांहीं हरकत घेतली असेल तर ती आमच्या वाचण्यांत नाहीं. हरकत आली ती पुढें, आणि ती शाईवर. १८३१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजींनीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें, तेव्हां शाईंत जनावराची चरबी असते, असला कागद सोवळ्यांत कसा घ्यावा, असा आक्षेप निघाला. त्या गृहस्थानें वादविवाद न करतां पोथ्यांसाठीं शाईंत तूप घातलें. पालीची आमची मुलगी जी शाई वापरते ती काजळी आणि जवसाचें तेल यांची असते, हें तिनें आजोबांस पहिल्याच दिवशीं सांगून टाकलें होतें.

एकोणिसावें शतक संपतां संपतां फोटोवरून जस्ताचे व तांब्याचे ब्लॉक होऊं लागले आणि लांकूड कोरून पोट भरणाऱ्यांचा धंदा बसला. दादासाहेब फाळके १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आले त्यापूर्वीं ह्या ब्लॉकांच्या आणि रंगीत छपाईच्याच व्यवसायांत होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. परंतु धंदा बसला म्हणूनच कला मोकळी झाली, असें आम्हांस वाटतें. दुसऱ्याचें चित्र हुबेहूब उतरवून देण्याचें ओझें लांकडाच्या डोक्यावरून उतरलें आणि चित्रकार आपलें स्वतःचें सांगणें घेऊन त्याच्याकडे आले. जपानांत १९०४ सालीं कानाए यामामोतो यानें कोळ्याचें एक लहानसें चित्र स्वतःच रेखाटलें, स्वतःच कोरलें, स्वतःच छापलें. पिढ्यान् पिढ्या तीन माणसांत वांटलेलें काम एका हातांत आलें. जर्मनींत केटे कोल्विट्झ ह्या बाईचा धाकटा मुलगा १९१४ च्या ऑक्टोबरांत लढाईंत पडला. तें दुःख तिनें धातूवर काढून पाहिलें, शिळेवर काढून पाहिलें, मनासारखें होईना. शेवटीं १९२० सालीं तिनें लांकूड हातीं घेतलें आणि पुढील दोन-तीन वर्षांत युद्धाचीं सात चित्रें कोरलीं. त्यांतील एकांत लढाईचा देखावा नाहीं. मुलांस कवटाळून एकमेकींस बिलगलेल्या आया आहेत, गुडघे टेकून एकमेकांच्या अंगावर कोसळलेलीं म्हातारीं आईबापें आहेत. बारीकसारीक तपशील लांकडानें तिला काढूं दिलाच नाहीं, आणि तेंच तिला हवें होतें.

आपल्या देशांत नंदलाल बोस यांनीं १९३० सालीं काठी घेऊन निघालेले गांधीजी लिनोलियमवर कोरले. लिनोलियम म्हणजे जवसाचें तेल व बुचाचा भुगा यांची जमिनीवर अंथरण्याची चादर. ती लांकडाहून मऊ आणि स्वस्त. ह्याच चादरीच्या तुकड्यांवर आमच्या मुंबईंत एका माणसानें जन्मभर काम केलें, त्याची आठवण मुंबईनें फारशी ठेविली नाहीं. चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) हे बंगाली. १९४३ च्या दुष्काळाचीं चित्रें काढीत ते बंगालभर हिंडले, १९४६ सालीं मुंबईस आले व अंधेरीस राहिले. राबणाऱ्या लहान मुलांवरची त्यांची ठशांची माला पुढें १९६९ सालीं डेन्मार्कमध्यें पुस्तकरूपानें निघाली. पाटी-पुस्तकाच्या वयांत बूटपॉलिशची पेटी घेऊन बसलेलीं पोरें त्या काळ्यापांढऱ्या रेघांतून अशीं पाहतात कीं पान उलटावयास हात धजत नाहीं. चित्र स्वस्त व्हावें, पुष्कळांच्या हातीं जावें, एवढ्यासाठींच त्यांनीं ठसा पत्करला होता. त्यांस कोणीं सांगितलें असतें कीं तिसावर थांबा आणि रेघ ओढा, तर ते हंसले असते.

तेव्हां दंडकाविषयीं आमचें मत असें. ठशांवर आंकडा घालण्याची चाल फार जुनी नाहीं. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत रुजली, आणि फोटोच्या छपाईनें चित्रें स्वस्त झाल्यावर हातच्या ठशाची किंमत टिकवावी हाही तींत हेतु होता. जर्मन चित्रकार ड्यूरर १५२८ सालीं वारला, त्याच्या मागेंही त्याच्या फळ्यांवरून ठसे निघतच होते. कलेच्या स्वरूपांत तीस हा आंकडा कोठेंही नाहीं. परंतु नातीनें तीस जणांस सांगून, तीसच्या हिशेबानें दाम घेतलें आहे. कलेचा दंडक नसला तरी हा दिल्या शब्दाचा दंडक आहे, आणि तो कौलांसाठीं मोडावा असें ह्या घरांत कोणी म्हणेल, हें आम्हांस आजोबांचें पत्र वाचून वाटलें नव्हतें. हें आम्हीं काकांस तोंडावर सांगितलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं विचारलें, मग पाट तसाच गुंडाळून ठेवावा, रेघ कशाला? हा प्रश्न रास्त होता. आम्हीं सुचविलें कीं पाटाच्या मागल्या बाजूस 'तीस पूर्ण' असें लिहून, तिथि घालून, नातीनें आणि आजोबांनीं सह्या कराव्या. त्यावर ती मुलगी म्हणाली, "मी आहें तोंवर ठीक. पन्नास वर्षांनीं हा पाट माळ्यावर ज्याला सांपडेल तो पाठ कशाला वाचील?" ड्यूररचा दाखला आम्हींच दिलेला असल्यामुळें ह्यास उत्तर देणें कठीण होतें.

आणि आजोबांची हरकत तर उभीच होती. त्यांनीं पाट देवघरांत ठेवावा असें सुचविलें. आजी लगेच म्हणाली, पाटावरची मूर्ति उलटी आहे, म्हणजे पुन्हां उजवी सोंड आली! आंबा नदींत सोडावा म्हणावें तर शिवण पडली हलकी. गणपति बुडावयाचा नाहीं, तरंगत नागोठण्यास जावयाचा, असें काकांनीं म्हटलें. आम्हीं आजोबांस एवढेंच विचारलें कीं, पेणेस गणपतीच्या कारखान्यांतून साचे असतात, त्या साच्यांस कोणी अक्षता वाहतो काय? साचा झिजला म्हणजे कारागीर तो टाकून देतो, त्यांत देवाचा अवमान झाला असें कोणी मानीत नाहीं, कारण देवत्व येतें तें प्राणप्रतिष्ठेनें. आजोबा स्वतः भाद्रपदांत घरची पूजा सांगतात. त्यांस हें आमच्याहून अधिक कळतें. त्यांनीं मान हलविली, पण म्हणाले, "शास्त्र मला ठाऊक आहे. डोळ्यांना तें सांगतां येत नाहीं." रेघ ओढलेलें तोंड पुढें कधीं तरी नजरेस पडेल, ही त्यांची खरी व्यथा आहे, आणि ती आम्हांस शास्त्रार्थाहून मोठी वाटली.

म्हणून आम्हीं तिसरी वाट सांगितली. जपानी लोक जुन्या फळ्या रंध्यानें तासून पुन्हां कोरावयास घेत. रंधा मारला कीं विद्रूप झालेलें तोंड मागें राहत नाहीं; चित्र जेथून आलें तेथें जातें आणि लांकूड पुन्हां कोरें होतें. मातीची मूर्ति पाण्यांत विरते त्याच्याशीं ही गोष्ट अधिक जुळते. तीस जणांचा शब्द राहतो, एकतिसावा ठसा कोणासही काढतां येत नाहीं, आणि इंचभर जाडीच्या त्या पाटावर आणखी चार चित्रें सहज निघतील. नातीस हें पटलें. आजोबा "पाहूं" म्हणाले. आम्ही निघालों तेव्हां पाट कोनाड्यांत पंच्यानें झांकून ठेवलेला होता.

काकांसाठींही एक सूचना आहे. त्या चित्राचा फोटो घेऊन, नातीची संमति असेल तर, ऑफसेटवर लहान कार्डें छापून दुकानांत ठेवण्यास आमची हरकत नाहीं. मात्र 'हातच्या ठशावरून छापलेलें कार्ड' असें त्यावर स्वच्छ लिहिलें पाहिजे. ऑफसेटला ठसा म्हणून विकण्याचा प्रकार शहरांतून चालतो, आणि गिऱ्हाइकास कळत नाहीं म्हणूनच तो चालतो.

कळावयास फारसें कठीण नाहीं. साधें भिंग घ्यावें. यंत्रावर छापलेल्या चित्रांत काळ्या भागाच्या कडेस ठिपक्यांची जाळी दिसते. लांकडाच्या ठशांत जाळी नसते, कडा सलग असते आणि तिच्याशीं शाई किंचित् दाटलेली आढळते. मोठ्या काळ्या भागांत कोठें कोठें लांकडाच्या रेषा उमटलेल्या दिसतात. कागद पालथा करून उजेडांत तिरपा धरावा. हातानें घासलेल्या ठशाच्या पाठीवर वाटी फिरल्याची चकाकी आणि दाबाचे उंचवटे लागतात.

ज्यांनीं असा ठसा घरीं आणला असेल त्यांनीं कोंकणांतील हवेचा विचार करावा. जवसाच्या तेलाची शाई पावसाळ्यांत लवकर सुकत नाहीं, म्हणून पालीची ही मुलगी पावसाचे चार महिने फक्त कोरते आणि छपाई दसऱ्यापासून होळीपर्यंत उरकते. नवा ठसा कांचेंत घालण्याची घाई करूं नये; महिनाभर तरी दोरीवर वाऱ्यास राहूं द्यावा. कांच कागदास चिकटूं नये म्हणून मध्यें जाड पुठ्ठ्याची चौकट घालावी. ज्या भिंतीवर बाहेरून पावसाची झोड येते तिच्यावर तसबीर टांगूं नये, आणि तशीच भिंत असेल तर मृग लागण्यापूर्वीं ती उतरवून, कोऱ्या कागदांत गुंडाळून, आंतल्या खोलींतील कपाटांत उभी न ठेवतां आडवी ठेवावी.